एका नावाच्या दोन मुली

मी, शिवगंगा चंद्रप्पा बिराजदार, वय ५७, धंदा खानावळ, राहणार लातूर, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. कोणी भरीला घातलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराचे मात्र तसे म्हणता येत नाही. मला अंडाशयाचा कर्करोग आहे. हैदराबादच्या इस्पितळात गाठीचा तुकडा तपासला. शरीरात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या माझ्या गाठीत शिरल्याच नाहीत, असे तिच्यातल्या जनुकांच्या खुणांवरून दिसते म्हणे. अशा खुणांच्या बायका फार काळ टिकत नाहीत. "किती?" असे मी विचारले, तर डॉक्टरीणबाई चष्मा पुसत बसल्या. मी काय समजायचे ते समजले.

१. लातुरातील क्लासेसच्या गल्लीतले माझे राहते घर, खालच्या खानावळीसह, मी स्वकष्टाने घेतलेले आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींना पंचवीस वर्षे भाकऱ्या थापून घातल्या, त्याच पैशातून ते घेतले. हे घर, बँकेतील शिल्लक आणि अंगावरचे दागिने मी महादेवीला देते. महादेवी म्हणजे जी आज नांदेडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, जिला मी वाढवले, ती. तिच्या-माझ्या रक्ताचा कोणताही अहवाल कोणीही पुढे केला, तरी यात फरक पडणार नाही.

२. मोठी पातेली, पराती, दोन्ही शेगड्या आणि गिऱ्हाइके तारामतीला द्यावीत. एकोणीस वर्षे ती माझ्याबरोबर चुलीपुढे उभी आहे. तिच्या वरणाला माझ्या वरणापेक्षा चव आहे, हे मी जिवंतपणी तिला कधी कळू दिले नाही.

३. भूकंपानंतर नव्या गावात मिळालेले पुनर्वसनाचे घर माझे दीर निवृत्ती यांना द्यावे. कुलूप त्यांनी आधीच लावले आहे. "ही पोरगी आपल्या वळणाची दिसत न्हाई" असे ते प्रत्येक लग्नकार्यात बोलत राहिले. भाऊजी, तुमची नजर बरोबर होती. तोंड मात्र वाईट होते. घर घ्या आणि महादेवीच्या वाटेला जाऊ नका.

४. हे का लिहावे लागले ते आता सांगते. माझी पोटची मुलगी महादेवी त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. सहा महिन्यांची होती. हे गेले, सासूबाई गेल्या, मला जवानांनी तुळईखालून ओढून काढले. आमच्यात मेलेल्याला मातीत ठेवतात. त्या दिवशी एवढी माणसे होती की सगळ्यांना एकाच चितेवर घातले. लाकूडही ओले होते. माझ्या लेकराला मी मूठभर माती देऊ शकले नाही.

दुसऱ्या दिवशी एका जवानाने ढिगातून काढलेले रडते बाळ माझ्या मांडीवर ठेवले. मी बाई होते आणि माझे लुगडे दुधाने भिजले होते, एवढेच त्याने पाहिले. मी बाळाला पाजले. तेवढ्यात यादी करणारे कारकून आले. "पोरीचं नाव?" त्यांनी विचारले. माझ्या तोंडून महादेवी निघाले. त्यांनी ते जिवंतांच्या यादीत लिहिले, आणि माझी लेक सरकारी कागदावर कधी मेलीच नाही. पुढे दाखला, शाळा, रेशन कार्ड, सगळे त्या एका ओळीवर झाले.

इथवर मला कोणीही माफ करील. पुढचे ऐका.

चौथ्या दिवशी छावणीत एक बाई आली. पार्वतम्मा तिचे नाव, निलंग्याच्या पलीकडच्या सीमेवरच्या गावची. लेक-जावई दबून गेले होते आणि नात सापडत नव्हती. प्रत्येक बाईपुढे वाकून विचारत होती, "नम्म कूसु, आमचं बाळ, बगितलं का वो? डाव्या टाचंला भाजल्याची खूण हाय." बाळाची डावी टाच त्या वेळी माझ्या मुठीत होती.

"न्हाई वो अव्वा," मी म्हणाले. "ही माझी हाय."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जगू दे," म्हणाली आणि पुढच्या तंबूकडे गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. भर दुपारी पोरांना वाढताना मागे कोणी रांगते आहे असे वाटून पाय उचलून टाकते. ती माझी पहिली, अजून सहा महिन्यांचीच. तिच्या नावाने दुसरी शाळेत गेली, तिच्या नावाने बक्षिसे घेतली. महादेवी म्हणून दुसरीला हाक मारली की मागची रांगायची थांबते. तिला वाटते, आपल्यालाच बोलावले. हा भ्रम आहे असे म्हणून वरचा दाखला खोटा ठरवू नये. ही माझी लेक आहे आणि मी तिला ओळखते.

५. महादेवीचा आणि माझा रक्तगट योगायोगाने जुळला, म्हणून ती जीवशास्त्र शिकली तरी मी वाचले. आता वाचणार नाही. माझा आजार आईकडून लेकीकडे येऊ शकतो, असे कळल्यावर तिने ठरलेले लग्न मोडले. अंडाशये काढून टाकते म्हणते. एकतीस वर्षांची आहे. इस्पितळाच्या अभ्यासासाठी तिने माझ्याबरोबर स्वतःचेही रक्त दिले. पेशींवरच्या ओळख पटवणाऱ्या ज्या खुणा त्यात पाहतात, त्यांतल्या निम्म्या आईच्या असाव्याच लागतात. तिच्यात माझ्या तेवढ्या निघणार नाहीत. अहवाल पुढच्या आठवड्यात येतो.

म्हणून स्पष्ट लिहिते. बाई, तू माझ्या पोटची नाहीस. माझ्यामुळे तुला हा आजार येणार नाही. शस्त्रक्रिया करू नकोस. हे वाक्य मी एकतीस वर्षे दाबून ठेवले, कारण तू गेलीस तर मी उरत नाही. तू लग्न मोडलेस त्या दिवशीही मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

६. पार्वतम्मा जिवंत आहे. तारामतीचे माहेर त्याच गावात. दिवाळीला जाऊन आली आणि सहज सांगत होती की म्हातारी ऐंशीच्या पुढे गेली, दिसत नाही, पण दारात बसून असते. महादेवीने तिच्याकडे जावे की नाही, हे महादेवीने ठरवावे.

७. मृतांच्या यादीत माझ्या पहिल्या मुलीचे नाव घालून घ्यावे. मला मातीत ठेवाल तेव्हा तिच्या नावाने एक मूठ वेगळी टाकावी.

८. वकीलसाहेब म्हणाले, पाकीट बंद करा, तुमच्या पश्चात उघडू. मीही मान हलवली होती. मला ते सोयीचे होते. तिने रडावे आणि मी ऐकायला नसावे. पण तोवर ती नको ती शस्त्रक्रिया करून बसेल आणि म्हातारीही जाईल. तेव्हा पाकीट बंद करणार नाही. उद्या सकाळी महादेवी मला औषध चढवायला न्यायला येते आहे. तिने पिशवी खाली ठेवली की हा कागद तिच्या हातात देईन. त्यानंतर दवाखान्यात तिने बरोबर यावे अशी अट नाही. मला रिक्षा करून जाता येते.

लिहून देणार : शिवगंगा चंद्रप्पा बिराजदार

आमच्यासमोर वाचून सही केली. वाचताना बाई दोनदा पाणी प्यायल्या, मजकूर बदलला नाही.

साक्षीदार :
१. फरीदा गुलाम रसूल शेख, निवृत्त परिचारिका, शेजारी
२. व्यंकटराव कांबळे, निवृत्त मुख्याध्यापक

लातूर, ता. १४ नोव्हेंबर २०२४