काकांच्या नावावर काकू

सेक्टर सहा, भिलाई

माय,

तुह्या शलोमीचा येशूच्या नावानं सलाम. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. आमी सारे बरे आहो. तुह्या गुडघ्याचं कसं आहे?

कोरोनापायी आपलं लुथेरन चर्च बंद आहे, पण रविवारची उपासना मोबाइलवर होते. रुआबांध्याचे, नंदिनीचे, साऱ्या वस्त्याईतले लोक एका पडद्यावर दिसतात. शेवटी मी एकेकाचं नाव वाचते अन् आजाऱ्याच्या घरी डबा कोण देईल, ते विचारते.

या रविवारी सवयीनं म्हटलं, "देवानंद काका, आवाज चालू करा जी." अन् जीभ चावली. काका बुधवारीच हार्टनं गेले. माती द्यायले चारच जणं जाऊ शकले, बाकीच्याईनं मोबाइलवरच गीत म्हटलं. आता काकांच्या मोबाइलसमोर कलावती काकू बसल्या होत्या, पडद्यावर नाव काकांचंच.

मंग काकूच म्हणाल्या, "ते नाही वं, मी आहो. मंगळवारचा डबा माह्याकडून लिही. एकटीपुरता सैपाक मले अजून जमत नाही."

मंगळवारी तो डबा त्या आमच्याच दारात ठेवून गेल्या. तुह्या जावयाले तीन दिवसांपासून ताप आहे. उतरेल. तू घोर नोको करू, अन् इकडं यायचं तं नावच नोको काढू. फक्त प्रार्थनेत त्याईचं नाव घेत जा.

भाजी अळणी होती, माय. काकाले बीपी होता ना. वरून मीठ घ्यायची हिंमत नाही झाली.

तुही,
शलोमी