दोन खोके आणि मोठी खोली

मी, तुळसा भागोजी शितप, वय चोपन्न, धंदा आंब्याची बाग, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. या घरात सध्या तेवढं एकच आहे. सोमवारी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. उठून घरी आले तर हा कागद फाडीन, नाहीतर खालीलप्रमाणे वागावे.

१. घर व बाग माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेली आहे. ती माझ्या पश्चात मुलगा संदेश याला मिळावी. माझे पती भागोजी यांनी हयातभर त्याच घरात राहावे. रुसून बहिणीकडे जाऊ नये. तिने मला आधीच सांगितलंय, भाऊ चालेल, त्याच्या वायरी नकोत.

२. माझ्या पाटल्या सून मृणाली हिला. त्या मोडून कोणतंही यंत्र घेऊ नये.

३. गाण्याचं मशीन व त्याचे आवाजाचे दोन मोठे खोके. भांडण याचंच आहे, म्हणून नीट लिहिते.

ह्यांचा विश्वास कानावर. दरवर्षी मुंबईहून नवी जाड वायर येते. किंमत मला सांगत नाहीत, म्हणजे मोठी असणार. वायर लावली की डोळे मिटून म्हणतात, "तुळसा, आवाज बघ कसा उघडलाय." संदेश जयगडला बंदरावर नोकरीला. तो वायरीला हसतो. त्याला आवाज मोजायचा असतो. काठीला माइक बांधून खोक्यांतून शिट्टी वाजवतो आणि कॉम्प्युटरवर रेघ बघत बसतो. मी नारळ खवायला घेतला की आतून हाक येते, "आई, थांब जरा, रेघ हलते." एक गाणं शेवटपर्यंत लावतील तर शपथ.

गेल्या वैशाखात मशीन ठेवलेल्या मोठ्या खोलीत नेहमीप्रमाणे आंबे पिकत घातले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेंढा. त्याच आठवड्यात नवी वायर आली आणि नवा माइकही. आवाज गोड झाला, हे खरं. हे म्हणाले वायरीमुळे, तो म्हणाला त्याच्या मोजमापामुळे. दोघं इतके खूश की आंबे संपल्यावर पेंढा दोघांनीच गोठ्यात नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी खोली रिकाम्या डब्यासारखी वाजायला लागली. हे म्हणाले, पोराने वायर उपटली. तो म्हणाला, बाबांनी खोके हलवले. मी पेंढ्याचं विचारलं तर दोघं हसले. त्यानेच झालं की कशाने, मला ठाऊक नाही. पेंढा म्हशीने खाल्ला, पुरावा गेला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. मीठ हवं तरी मृणालीकडून मागतात.

४. म्हणून एक खोका पतीस, दुसरा मुलास, आणि मशीन मृणालीस द्यावे. दोघं एका खोलीत शेजारी बसतील तेव्हाच तिने ते चालू करावे. वायर किंवा रेघ हा शब्द निघाला तर बंद करून जेवायची पानं घ्यावीत.

एवढं वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काकू, हट्टाने दुसरं मशीन आणून आपापला खोका वेगळा लावला तर अर्धंच गाणं ऐकू येईल."

मी म्हटलं, येऊ दे. मी स्वयंपाकघरातून एवढी वर्षं तेवढंच ऐकलंय, आणि मला आवडलंय.

वाचून, समजून, खाली सही केली.

तुळसा भागोजी शितप

समक्ष सही करणारे:
१. केरू गोताड, शेजारी
२. निशिगंधा मांडवकर, अंगणवाडी सेविका

रत्नागिरी, १४ नोव्हेंबर २०२५