सत्तेचाळीस आरोळ्या

रविवार, ३ तारीख

मागच्या महिन्यात इथे लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे – 'आरोळ्या आधी उरकू, असा ताईनेच हट्ट धरला.' ताई असं काहीच म्हणाली नव्हती. आईने आम्हा दोघींना पहिली पाच वर्षं घरीच शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून खाली बरोबर लिहायचं, ही तिची शिस्त. रेघ मारली. आता बरोबर लिहिते.

डबिंगमध्ये आरोळ्या आणि किंकाळ्या दिवसाच्या शेवटी घेतात, कारण घसा त्यातच जातो. दिवसाचा तक्ता मी करते. त्या दिवशी लढाया मी सकाळी घातल्या. मालिकेच्या कंपनीचा माणूस दुपारी येणार होता, त्याला लढाई तयार दाखवली तर दिग्दर्शक खूश होतील असं वाटलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं.

गाजलेल्या जपानी ॲनिमेची ही उपमालिका. देवीच्या सेवेतली तरुण योद्धी पोरं, आणि त्यातल्या भालेवालीचा आवाज ताईचा. प्रत्येक वाराआधी देवीच्या नावाने आरोळी. सत्तेचाळीस झाल्या. मग दुपारभर संवाद. संध्याकाळी ताईच्या स्वरतंतूतून रक्त आलं.

मंगळवार, ५

सहा आठवड्यांच्या मौनातले साडेचार झाले. ताई पाटीवर लिहून बोलते.

तक्ता रेकॉर्डिस्टकाकांनी बदलला, अशी तिची समजूत आहे. दिग्दर्शकांचीही तीच. तक्त्यावर सही काकांची असते आणि माझा तक्ता ते न वाचता सही करतात – माझ्यावर भरवसा म्हणून! त्यांनी आळ तसाच अंगावर घेतला. मला एवढंच म्हणाले, "सही माझी आहे ना? मग झालं."

शुक्रवार, ८

दिग्दर्शकांनी बोलावलं. तुझा आवाज बहिणीसारखाच आहे, पुढचे भाग तू कर, म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर किती भाग आहेत!

शनिवार, ९

पुढचे भाग मी करणार, हे ताईला सांगितलं. वाटलं, रुसेल. तिने मला आरशासमोर उभं केलं. मी आरोळी ठोकली. तिने पाटी पुढे केली: 'देवीला हाक मारतेस की बस थांबवतेस?' दोघी हसलो. तिचे नुसतेच खांदे हलतात.

मग माझ्या पोटावर हात ठेवून शिकवत बसली. जोर इथून, गळ्यातून नाही. तासभर. शेवटी लिहिलं: 'काकांना मी कधीच माफ करणार नाही.'

मी वाचलं आणि पाटी पुसून टाकली.

मंगळवार, १२

त्या तक्त्यापायी काकांना महिनाअखेर निरोप. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. मी खरं सांगून टाकते म्हटलं, तर म्हणाले, तुझं सगळं व्हायचंय अजून, माझं काय राहिलंय. आणि हेडफोनची वायर गुंडाळत राहिले.

ठरवलंय – ताईचा आवाज परत आला की सांगायचं. जिला ओरडता येत नाही तिला हे ऐकवणं म्हणजे हात बांधून मारणं. तिला माझ्यावर हवं तेवढं ओरडता आलं पाहिजे.

हे कारण खरं आहे ना? तीनदा विचारलं स्वतःला. दोनदा हो आलं.

गुरुवार, १४

माझा पहिला भाग झाला. तक्ता मीच केला. आरोळ्या शेवटी.

सगळे म्हणाले, हुबेहूब ताई.

शनिवार, १६

डॉक्टरांनी तपासलं. बोलता येईल, पण हळू आणि खरखरीत. ओरडता कधीच येणार नाही. ताईने दोनदा मान हलवली. जिना उतरताना माझा हात धरला, मीच पडेन की काय असा.

ज्या दिवसाची मी वाट बघत होते तो दिवस येणारच नाही.

उद्या. रविवार, १७ तारीख, सकाळी, ती उठल्याबरोबर.