कढीपत्त्याची बेकायदा नळजोडणी

अंबरनाथ (पूर्व)
१९ मे १९८९

ती. हरिचंद्रदादांस साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात).

आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि विहिरीचे पाणी ठीक असेल अशी आशा आहे. आपली धाकटी बहीण मोती कढीपत्त्याच्या कुंडीसह बदलापूरला सुखरूप पोहोचल्याचे कळले. नवऱ्याचे घर का सोडले, याविषयी ती जे सांगते ते खरे, पण निम्मेच आहे. उरलेले निम्मे शास्त्र आहे, ते तिला सांगता येणार नाही म्हणून मी लिहितो.

आमच्या बिल्डिंगीची टाकी सकाळी भरते आणि दुपारी कोरडी पडते. पाणी जाते कुठे, हे शोधायचे काम कमिटीने माझ्यावर टाकले, कारण मी कारखान्यात माल तपासणीला आहे (माझ्या हातून आजवर एक खोटा बोल्ट सुटलेला नाही, हे लग्नाच्या बोलणीत आपण ऐकलेच आहे). तळमजल्यावरचे चिंतामणी मास्तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. ते सहज म्हणाले की झाडे दोन तऱ्हांची. एकांच्या अंगात बारीक नळ्या असतात. मुळांतले पाणी त्यांतून वर चढते, पानांत तयार झालेले अन्न सगळीकडे पोचते, म्हणून ती उंच वाढतात. दुसरी भिंतीवरच्या मखमली शेवाळासारखी, बिननळीची. ती सगळ्या अंगाने पाणी पितात आणि बुटकीच राहतात. मास्तर पुढेही बोलत होते, पण मी उठलो. कमिटीच्या परवानगीशिवाय नळी टाकायला आमच्याकडे बंदी आहे, आणि इथे तर प्रत्येक गॅलरीत नळ्याच नळ्या.

कारखान्यात नापास मालावर मारतो तशी फुली मारायला खडू घेऊन निघालो. जनाबाईंचा मोगरा रिजेक्ट, दौलतरावांचा मनीप्लांट रिजेक्ट. पुराव्यासाठी तगरीची फांदी लाल शाईत ठेवली, तर संध्याकाळी पांढऱ्या पाकळ्यांवर तांबड्या रेषा. मग घरी आलो. कढीपत्ता मोतीला आपल्या आईने लावून दिलेला, हे मला ठाऊक होते. पण घरच्या मालाला सूट दिली तर तपासणी कसली? मोती शांतपणे म्हणाली, "नळ्या तं माझ्या अंगातपन हायेत. मंग मला पन खडू मारा." दादा, खरे सांगतो, मी विचारात होतो. हाताच्या सवयीने तिच्या पदरावर फुली पडली.

पास झाले ते एकच, गच्चीवर टाकीमागचे शेवाळ. भर मेमध्ये हिरवेगार, आणि अंगात एक नळी नाही. आदर्श रहिवासी म्हणून मी कमिटीला दाखवायला नेले. कमिटीने वाकून पाहिले. टाकीला मागून भेग होती आणि बिल्डिंगीचे सगळे पाणी त्या सज्जनावरून वाहत होते.

तेव्हापासून जिन्यात लोक माझ्याकडे बघून हसतात. त्याचे काही नाही. घरात आमटीला वास नाही आणि बोलायला माणूस नाही, याचे मात्र फार वाईट वाटते.

आपला,
बुधाजी

ता. क. : वरचे शास्त्र सोडून द्या. मोतीला पाठवा. पदर मी स्वतः धुईन, आणि कढीपत्त्याला खिडकीतली उन्हाची जागा मोकळी केली आहे.

दुसरा ता. क. : ती येत नसेल तर मलाच तिकडे ठेवून घ्या. आपल्या अंगणातल्या झाडांना मी एक शब्द बोलणार नाही. फक्त आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली का जाते, ते एकदा बघून घेईन.