गाईचं गणित

प्रिय आर्लन,

त्या रविवारी औषधाच्या दुकानापाशी तू गाडी हळू केली होतीस. "लोर्ना, काल आपण काहीच वापरलं नाही. गोळी घेऊन टाकूया का?" मी हसले. "गाई भरवणाऱ्या बाईला शिकवतोस होय? चल सरळ!"

माझी पाळी नुकतीच संपली होती. गाईचा माज उतरला की रक्त दिसतं, आणि रक्त दिसलं की वेळ टळली, आता भरवून गाय गाभण राहत नाही. आमच्या विस्कॉन्सिनात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तोच हिशोब स्वतःला लावला.

महिन्याभराने हा हिशोब ऐकून डॉक्टरीणबाईंना हसू आलं नाही. म्हणाल्या, "अगं, बाईचं उलट असतं. रक्त आधी, बीज नंतर. आणि पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस तग धरतं. दर वेळी दिवस जातातच असं नाही. पण पाळी नुकतीच संपली म्हणून धोका नाही, असंही नाही. गोळी तेव्हाच घ्यायची, जितक्या लवकर तितकं बरं."

तोवर तू मोंटानाला नव्या नोकरीवर गेला होतास. काल फोनवर किती खूश होतास! "आणि तुझ्याकडे काय नवीन?"

"तांबडी गाभण राहिली," मी म्हणाले.

"अरे वा! अभिनंदन!"

वर्षभर तू टँकर घेऊन आमच्याकडे दूध न्यायला यायचास. आमच्या गोठ्यात सगळ्या काळ्या-पांढऱ्या. वाटलं होतं, विचारशील, "तांबडी कुठली?"

फक्त गाईंचंच कळणारी,
लोर्ना