नळीच्या टोकावरचं धुकं

४ एप्रिल
पुन्हा धुकं. नेम धरला की नळीच्या टोकाची माशी, नेमाची खूण, त्यात बुडून जाते. नळी फार लांब आहे, म्हणूनच. तशीही झिजलीय. नवी रायफल घ्यायची — पण आखूड नळीची की लांब? जीव नुसता टांगणीला.

महिनाअखेरीस अस्वलाचा हाका. खालून सगळे आरोळ्या देत त्याला वर ढकलणार आणि वरच्या खिंडीत मी एकटा. चुकलो तर जखमी जनावर आपल्याच माणसांवर उलटायचं.

७ एप्रिल
गावात बंदुकांच्या दुकानी गेलो. दुकानदार ओयामादा म्हणाला, "काका, आखूड नळी झुडपात अडकत नाही खरी. पण गोळीचा वेग घटतो. तांब्याची गोळी वेगात असली तरच आत फुलते. शिशाची कशीही फुलेल."
शिसं नको, म्हटलं. मारलेल्या जनावराची आतडी डोंगरात टाकतो ती गरुड खातात आणि शिशानं मरतात.
"मग लांब नळी घ्या."
"अस्वल हाताच्या अंतरावर येतं रे. तिथं वेग घेऊन काय करू?"
"मग भालाच घ्या ना!"
आजोबा भाल्यानंच मारायचे. सुखी माणूस. त्यांना नळी निवडावी लागली नाही.

१० एप्रिल
पहाटे स्वप्न. डोंगरदेवी बर्फावरून उतरली. पावलं उमटत नव्हती. आपल्या केसांच्या बटेनं तिनं माझी नळी मोजली. किती भरली, मी विचारलं. ती घरात झोपलेल्या माझ्या लेकीकडे, मित्सुएकडे बघत होती.

११ एप्रिल
आता कळलं धुक्याचं कारण. देवी दिसायला ओबडधोबड, बाईमाणूस डोंगरात आलं की रुसते. म्हणून तर आम्ही वाळवलेला कुरूप मासा खिशात नेतो — आपल्याहून कुरूप कुणी बघितलं की ती हसते. आणि यंदा आमचा म्होरक्या तोकुजी माझ्या लेकीला हाक्याला नेतो म्हणतो! रायफलचा परवाना मिळाला म्हणून काय झालं?

तोकुजीला गाठलं.
"साकुझोदादा, तुझ्यापेक्षा पोरीचा हात सरळ आहे," तो म्हणाला.
"डोंगरावरचं धुकं बघ. रोज वाढतंय."
त्यानं डोंगराकडे बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे. "बरं. यंदा राहू दे तिला घरी," म्हणाला. आवाज का पडला त्याचा, कोण जाणे.

१२ एप्रिल
मित्सुएनं मिसोचं सार वाढलं, धुरावलेला मुळा ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मला घरी ठेवा असं देवीनं माझं नाव घेऊन सांगितलं का तुम्हाला?"
मी सार पीत राहिलो. वाफेत तिचा चेहरा दिसेना.

१९ एप्रिल
आखूड नळीच घेतली. तांब्याची गोळी. मित्सुएची लांब नळी आहे, तीही तांबंच वापरते. नेमबाजीच्या मैदानावर दोघं गेलो. तिच्या गोळ्यांची भोकं एका मुठीखाली झाकतील. माझा कागद कोरा. नळीचाच दोष असणार. की गोळी हलकी पडली? जड घ्यायला हवी होती. मैदानावरही धुकं होतं. देवी इतक्या खाली कशी उतरली?

२३ एप्रिल
स्वप्नात सगळं पांढरं. अस्वल येतंय, पावलं ऐकू येतात. मी थांबतो. जवळ येतं तेव्हा ते तोकुजी असतं.
उठून बसलो. पुन्हा झोप नाही.

२७ एप्रिल
उद्या हाका. सकाळी मित्सुए माझे बूट तेल लावून पुसत होती.
"देवी अजून रुसलेलीच आहे," मी म्हणालो. "धुकं फिटलं तर बरं."
"कसलं धुकं, बाबा?" हात थांबले तिचे. "आठवडाभर लख्ख ऊन पडतंय. कड्यावरचा बर्फ कसा चमकतोय, बघा ना."
बघितलं. पांढरं. नुसतं पांढरं.
तिनं हळूच माझ्या डोळ्यांपुढं हात हलवला.

२८ एप्रिल
मासा मित्सुएच्या खिशात घातला. तोकुजीशी बोललो. वरची खिंड तिची. मी खालून आरोळ्या देणार.