पिटुकलीच्या लंगोटांचा अंतिम निर्णय

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. घरात एक महत्त्वाचा निर्णय व्हायचा आहे आणि तो मीच घेणार. पिटुकलीला (वय तीन महिने) बाजारच्या डायपरने पुरळ उठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापडी वापरा. बायको म्हणाली, संध्याकाळी येताना घेऊन ये. मी म्हटलं, कापडाच्या बाबतीत या घरात घाई चालणार नाही. रेनकोटच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे मी. पाणी आणि कापड यांचं मला कुणी शिकवू नये.

५ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. साधा चौकोनी, घडी घालून बांधायचा. घड्या आधीच शिवलेला. खिशाचा, म्हणजे आत पॅड सरकवायचा. ऑल-इन-वन, जो वाळता वाळत नाही. वरून कव्हर वेगळं. त्यात पुन्हा सुती, बांबू, मायक्रोफायबर. बटणं की वेलक्रो, हा तर स्वतंत्र विषय. बायकोने विचारलं, आणलेस का. मी तक्ता दाखवला. तिने आपली जुनी सुती ओढणी टराटरा फाडली आणि पिटुकलीला बांधली. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

९ फेब्रुवारी
बायको पिटुकलीला घेऊन तिच्या आईकडे गेली. चार दिवसांसाठी. म्हणाली, तिथे निदान हाताशी कुणी असेल. बरोबरच आहे. मलाही प्रयोगांना घर मोकळं. जाताना दार जरा जोरातच लावलं. पुरळामुळे कुणाचीच झोप झालेली नाही. (माझी झाली, पण मला कामावर जायचं असतं.)

२३ फेब्रुवारी
चार दिवस जरा लांबलेत. फोन केला. बायको म्हणाली, तू ये आणि घेऊन जा आम्हाला. मी म्हटलं, येतोच, लंगोट ठरले की लगेच. तिने फोनच ठेवला. भरून आलं असणार.

१७ मार्च
बाजारातला एकही पसंत पडत नाही. शिलाई कच्ची, इलॅस्टिक सैल. स्वतःच शिवणार. मालकांना विचारून वॉटरप्रूफ कापडाची कात्रणं आणली.

२२ मार्च
नमुना तयार! कोटिंगची बाजू अंगाकडे, आपल्या रेनकोटला असते तशी. उशीला बांधला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. उशी ठणठणीत कोरडी. एक थेंब आत गेला नाही. सहा शिवून कुरिअर केले. चिठ्ठीत लिहिलं, आता सामान आवरायला घ्या.

३० मार्च
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, जावईबापू, तुमचा पाऊस बाहेरून येतो, आमचा आतून. सगळं पिटुकलीच्या मांड्यांवरून ओघळून त्यांच्या मांडीवर. पुरळ पुन्हा उठलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे चौकोनी आणले म्हणे. एका फेरीत. न तपासता! माझं तत्त्व चुकलेलं नाही, बाजू तेवढी उलटी झाली.

१५ जून
कारखान्यात सीझनची ऑर्डर. श्वास घ्यायला फुरसत नाही. ऑर्डर संपली की पहिलं काम तेच.

११ ऑगस्ट
ऑर्डर संपली. व्हिडिओ कॉल केला. पिटुकली बसायला लागली आहे, म्हणजे मापं पुन्हा पहिल्यापासून. बायकोने तिकडे नोकरी धरली. वेळ जायला हवा ना तिचा. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, तुला एवढंच म्हणायचंय का. मी म्हटलं, मांडीचा घेर मोजून कळव. कळवला नाही.

४ नोव्हेंबर
पिटुकलीचा पहिला वाढदिवस. जाणारच होतो, इस्त्रीचा शर्ट दाराला टांगला होता. पण बांबूचे पॅड परवा येणार आहेत. इतके महिने वाट पाहायला लावून नुसता केक कसा न्यायचा? संध्याकाळी फोन केला. तिकडे इतका गोंगाट की कुणाला ऐकूच गेला नाही. शर्ट घडी करून ठेवताना रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

८ जून (पुढचं वर्ष)
निर्णय झाला! खिशाचा, बटणांचा, बांबूच्या पॅडचा. मूल वाढेल तसा वाढतो. दोन डझन घेतले. उद्या जातो आणि दोघींना घेऊन येतो. त्यांच्या खोलीतल्या रेनकोटच्या पेट्या हलवल्या, चादर बदलली.

९ जून
जाऊन आलो.
पिटुकली चड्डीत पळत होती. मी पार्सल सोडत असताना तिने आजीचं बोट ओढलं, शू म्हणाली आणि दोघी आत गेल्या. बायकोने हळूच सांगितलं की आता काही लागत नाही, रात्रीसुद्धा कोरडी असते. मी म्हटलं, वा. ती म्हणाली की असू देत, शेजारणीच्या बाळाला होतील. चहा केला तिने. साखर किती, ते विचारावं लागलं.
कधी निघायचं, मी विचारलं. ती म्हणाली, कुठे.
मला खोलीचं सांगायचं होतं. चादरीचं तर नक्कीच. जमलं नाही.
निघताना सासूबाईंनी पिटुकलीला सांगितलं, टाटा कर. तिने लगेच केला. टाटा काका म्हणाली. बायकोने काही सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि राहू दिलं. मीही टाटा केला.